परायत्त कर्तृत्व : कुंभकोणमच्या वेदान्तपरंपरांतील एक प्रश्न

ईश्वर सर्वज्ञ असेल, तर मनुष्य उद्या काय करणार हे त्याला आजच विदित असले पाहिजे. तो सर्वशक्तिमान असेल, तर ते कर्म घडविणाराही तोच ठरतो. मग पापपुण्याचे उत्तरदायित्व जीवावर कसे टाकावयाचे? पाश्चात्त्य विचारात हा प्रश्न मुख्यतः ईश्वराच्या पूर्वज्ञानाभोवती फिरतो. सहाव्या शतकातील बोएथियसने त्यावर असे उत्तर दिले की, ईश्वर कालातीत असल्यामुळे भविष्यही त्याला वर्तमानासारखेच दिसते आणि पाहणे म्हणजे घडविणे नव्हे. वेदान्तात हाच पेच निराळ्या वाटेने उपस्थित होतो. जीव स्वतंत्र नसेल, तर ‘हे कर, ते करू नको’ असे सांगणाऱ्या शास्त्राला अर्थ काय, असा तेथे मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाची तीन उत्तरे एकाच नगरात शेजारी शेजारी नांदलेली पाहावयाची असतील, तर कुंभकोणमकडे वळावे. कावेरीकाठच्या या क्षेत्रात शार्ङ्गपाणीचे मंदिर श्रीवैष्णवांच्या दिव्यदेशांपैकी एक आहे. सोळाव्या शतकातील माध्व आचार्य विजयींद्रतीर्थ यांचे वृंदावन येथेच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कांची कामकोटी या अद्वैत पीठाचे वास्तव्यही येथे होते. मराठी अभ्यासकाला या नगराविषयी आणखी एका कारणाने आस्था वाटावी. सुमारे १६७६ ते १७९९ या काळात हा प्रदेश तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता, आणि तेथे स्थायिक झालेल्या देशस्थ कुटुंबांत स्मार्तही होते व माध्वही. त्यामुळे हा वाद मराठी समाजाला परका नव्हता. तो त्याच्या घरातलाच होता.

तिन्ही परंपरांचा आधार एकच आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादात प्रथम जीव हा कर्ता असल्याचे स्थापिले आहे. अन्यथा शास्त्र निरर्थक ठरेल. त्यानंतर हे कर्तृत्व परमेश्वराच्या अधीन असल्याचे सांगितले आहे. लगेच पुढे, जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच ईश्वर त्यास प्रवृत्त करतो, अशी मर्यादा घातली आहे. कर्तृत्व आहे, पण ते परायत्त आहे, असा याचा निष्कर्ष होय. हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात, याविषयीच भाष्यकारांत मतभेद आहेत.

शंकराचार्य पर्जन्याचा दृष्टान्त देतात. पाऊस सर्व बीजांवर सारखाच पडतो. भात उगवावयाचे की जव, हे बीजावर अवलंबून असते. ईश्वर हे साधारण कारण, तर जीवाचे कर्म हे विशेष कारण. यामुळे ईश्वरावर पक्षपाताचा व निर्दयतेचा दोष येत नाही. परंतु बीज आले कोठून, असे विचारताच संसार अनादि असल्याचे उत्तर मिळते. या उत्तराने जीवाजीवांतील विषमतेचा उलगडा होतो. स्वातंत्र्याचा होत नाही. शिवाय परमार्थतः कर्तृत्व हे उपाधीमुळे भासणारे आहे, असे अद्वैताचे म्हणणे असल्याने येथे प्रश्न सुटण्यापेक्षा अखेरीस विरून जातो.

रामानुजाचार्यांचा दृष्टान्त व्यवहारातला आहे. दोघांच्या सामाईक मालकीचे धन तिसऱ्यास द्यावयाचे झाल्यास एकाला दुसऱ्याची संमती लागते. तरीही ते देण्याचे फळ ज्याने संमती मागितली त्यालाच मिळते. त्याचप्रमाणे प्रथम प्रयत्न जीवाचा असतो आणि ईश्वर अनुमंता होऊन त्यास पुढे नेतो. तिन्ही उत्तरांत जीवाला सर्वाधिक मोकळीक येथे मिळते. मात्र तिची किंमत ईश्वराच्या सामर्थ्याला द्यावी लागते. तो रोखू शकत असूनही संमती देतो, म्हणजे आपल्या शक्तीला आपणच आवर घालतो, असे मानावे लागते.

मध्वाचार्यांच्या मतात पेच सर्वाधिक तीव्र होतो. तेथे एकटा हरी स्वतंत्र. जीवाला जे स्वातंत्र्य आहे ते त्याने दिलेले आहे. ईश्वराचे गुण परस्परांहून भिन्न नसल्यामुळे त्याचे ज्ञान व त्याची इच्छा यांतही वस्तुतः भेद राहत नाही. बोएथियसची ‘पाहणे म्हणजे घडविणे नव्हे’ ही वाट येथे बंद होते. यावर माध्वांचे उत्तर असे की, जीवाचा स्वभाव ईश्वराने निर्माण केलेला नाही. तो अनादि आहे, आणि ईश्वर तो केवळ व्यक्त होऊ देतो. अशा रीतीने ईश्वराचा न्याय अबाधित राहतो, पण ज्याची योग्यताच तमाची आहे त्या जीवाला स्वभाव पालटण्याची संधी उरत नाही.

याच विजयींद्रतीर्थांचा अप्पय्य दीक्षितांशी झालेला एक वाद येथे उपयोगी पडतो. प्रकरणाचा अर्थ ठरविताना आरंभ बलवत्तर की समारोप, असा तो वाद होता. दीक्षितांनी ‘उपक्रमपराक्रम’ लिहून आरंभाची बाजू घेतली, तर विजयींद्रांनी ‘उपसंहारविजय’ लिहून समारोपाची. ही कसोटी गीतेच्या अठराव्या अध्यायाला लावून पाहण्याजोगी आहे. एकसष्टाव्या श्लोकात ईश्वर यंत्रावर बसविल्याप्रमाणे भूतांना फिरवितो असे म्हटले आहे. दोनच श्लोकांनंतर मात्र तोच वक्ता अर्जुनास सांगितलेल्याचा पूर्ण विचार करून आपल्या इच्छेप्रमाणे करण्यास सांगतो. त्यानंतर शरणागतीचा श्लोक येतो, पण तीही एक आज्ञाच आहे, आणि आज्ञा नेहमी कर्त्यालाच दिली जाते. यंत्राला कोणी शरण येण्यास सांगत नाही. उपसंहार बलवत्तर मानणाऱ्याने या क्रमाची दखल घेतलीच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तंजावरकडील मराठी मंडळींत या वादाला आणखी एक धार होती. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांच्यामुळे तेथे रामदासी मठाची परंपरा रुजली, आणि ‘दासबोधा’त प्रयत्नाला मिळालेले उच्च स्थान सर्वविदित आहे. ईश्वराधीनतेचा पुरस्कार करणाऱ्या संप्रदायातही आळसाला दैवाचे नाव देण्यास मुभा नव्हती, हे त्यावरून दिसते.

हा विचार केवळ मठांपुरता राहिला नाही. १८३१ साली कुंभकोणम येथे जन्मलेले, इंदूर संस्थानचे दिवाण झालेले आर. रघुनाथराव यांनी शास्त्राधारे विधवाविवाहाचा पुरस्कार केला. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या सामाजिक परिषदेच्या स्थापनेत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर त्यांचा वाटा होता. बालविधवेचे दुःख हे तिचे प्राक्तन, असे म्हणणाऱ्या समाजापुढे शास्त्राचा अर्थ पुन्हा लावणे म्हणजे, प्राक्तन मानूनही आजचे कर्म आपल्या हाती आहे, असे गृहीत धरणे होय. सूत्रकारांनी विधिनिषेध व्यर्थ ठरू नयेत म्हणून जीवाला कर्ता मानले होते; सुधारकाचा युक्तिवादही त्याच पायावर उभा राहतो.

तेव्हा ‘ईश्वर की स्वातंत्र्य’ असा पर्याय या परंपरांपुढे कधीच नव्हता. एका कर्मातील किती अंश जीवाचा, आणि तो जीवाला देण्यासाठी कशाचा त्याग करावयाचा, हा त्यांचा प्रश्न होता. अद्वैताने जगाच्या अंतिम सत्यत्वाचा, विशिष्टाद्वैताने ईश्वरी सामर्थ्याच्या अनिर्बंधतेचा, तर द्वैताने सर्व जीवांच्या समान भवितव्याचा त्याग केला. यांपैकी कोणता त्याग आपणास परवडतो, हे ठरविल्यावाचून या वादात कोणाचीही बाजू घेता येत नाही.