छापील पुस्तक आपले, ई-बुक इलाक्यापुरते

रोख मोजून कापडाचे थान घेतले की ते भिवंडीत विका नाहीतर दुबईत, गिरणीवाला विचारीत नाही. मग परदेशी दुकानातले ई-बुक पैसे देऊनही पुष्कळदा का मिळत नाही? व्यापारी बंधूंनो, आम्हालाही हे कोडे वाटले.

पुस्तकाचे हक्क इलाक्यांनी विकले जातात. अमेरिका एका प्रकाशकाला, ब्रिटन व कॉमनवेल्थ दुसऱ्याला. आपल्या एजन्सीला जिल्हे असतात तसे. ब्रिटिश प्रकाशकांनी १९४७ साली बाजारवाटणीचा करारच केला होता. अमेरिकी सरकारच्या दाव्यामुळे तो १९७६ मध्ये मोडला, पण रीत उरली.

छापील प्रत मात्र ही हद्द ओलांडते. थायलंडच्या एका विद्यार्थ्याने तिकडची स्वस्त पाठ्यपुस्तके अमेरिकेत मागवून विकली. प्रकाशक कोर्टात गेला. २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवले, कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा नाही.

ई-बुकात बहुधा माल मिळत नाही, वाचण्याची परवानगी मिळते. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसली. ती दुकानात ठेवणाऱ्याकडे अमेरिकेचे हक्क नव्हते. पैसे परत दिले, खरे. पण उद्या गिरणीवाला आपल्या फडताळातून विकलेले थान उचलून नेईल, तर चालेल का?

तेव्हा डिझाइनचे किंवा रंगाईचे परदेशी पुस्तक कायम दुकानात ठेवायचे असेल, तर टपालखर्च सोसून छापीलच मागवावे. ई-बुक घेणाऱ्याने आपले खाते कोणत्या देशाचे नोंदले आहे ते आधी पाहावे.