हिवाळ्यातील फ्रँकोनिया रिज आणि एकटा गिर्यारोहक

प्रश्न : बोस्टन परिसरातील मराठी गिर्यारोहकाने न्यू हॅम्पशायरमधील फ्रँकोनिया रिजची फेरी हिवाळ्यात एकट्याने, एका दिवसात करावी काय?

उत्तर : या डोंगरधारेवरील सर्वोच्च शिखर माउंट लाफायेत सुमारे 1,600 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा किंचित कमी उंचीचे असल्याने सह्याद्रीत फिरलेल्या व्यक्तीस ते सोपे वाटण्याचा संभव आहे, परंतु ही तुलना फसवी आहे, कारण येथील वृक्षरेषा, म्हणजे जिच्यावर थंडीवाऱ्यामुळे झाडे वाढत नाहीत ती मर्यादा, हिमालयाच्या मानाने फारच खाली आहे. परिणामी लिटल हेस्टॅक, लिंकन आणि लाफायेत या शिखरांना जोडणारी सुमारे पावणेतीन किलोमीटरची वाट पूर्णपणे उघडी असून, उणे 15 अंश सेल्सिअस तापमानात ताशी 50 किलोमीटर वारा असल्यास उघड्या त्वचेला उणे 29 अंशांइतका गारठा जाणवतो. हिमदंश, म्हणजे त्वचा व ऊती गोठणे, आणि अल्पोष्णता, म्हणजे शरीराचे तापमान 35 अंशांखाली जाणे, हे खरे धोके होत; अल्पोष्णतेत विवेकशक्तीच मंदावते, आणि एकट्या माणसाची चूक सुधारणारे तेथे कोणीच नसते.

साधनांमध्ये क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे टोकदार खिळे), बर्फकुऱ्हाड, हेडलॅम्प आणि सुके जास्तीचे कपडे अपरिहार्य आहेत. हेडलॅम्प यासाठी, की डिसेंबरअखेर सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास बचावकार्याचा खर्च न्यू हॅम्पशायर राज्य वसूल करू शकते. पूर्वी सोबतीने हिवाळी चढाई न केलेल्या व्यक्तीने ही फेरी एकट्याने करू नये, आणि अनुभवी व्यक्तीनेही वाऱ्याचा अंदाज प्रतिकूल असल्यास वृक्षरेषेवरूनच परतावे.