झाडीतला कचरा: सहा जणांची एक सकाळ

गावाबाहेरच्या काही झाडीत संध्याकाळनंतर पुरुष पुरुषांना भेटायला येतात. त्याला क्रूझिंग म्हणतात. घरात एकांत नाही आणि लॉजवर नाव सांगायची सोय नाही, अशा माणसांची ती भेटायची जागा. मागे कंडोम, पाकिटं, ओले टिश्यू, खर्ऱ्याच्या पन्न्या आणि दारूच्या बाटल्या राहतात. सकाळी त्याच वाटेनं गुरं जातात, मोहफुलं वेचणाऱ्या बाया जातात. हा कचरा सहा माणसं दोन तासांत उचलू शकतात, आणि तिथं येणाऱ्या कुणाला त्रास न होता उचलू शकतात. तुम्ही यवतमाळच्या लोहाऱ्यातून निघणार आहात असं धरून सांगतो. अशी झाडी कुठं आहे हे मी लिहिणार नाही. तुम्हीही कुठं लिहू नका.

साहित्य (सहा जणांसाठी): लांब दांड्याचे चिमटे ३, जाड रबरी हातमोजे ६ जोड, डॉक्टर घालतात ते निळे पातळ मोजे १ डबा, खताची धुतलेली रिकामी पोती ८, जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बरण्या २, जुनी वर्तमानपत्रं, लाल मार्कर, सुतळी, काठ्या ३, साबण, धुण्यासाठी पाण्याची २० लिटरची कॅन, प्यायचं पाणी वेगळं, ब्लीचिंग पावडर, प्रथमोपचाराची पेटी. काळ्या पातळ कचरा-पिशव्या आणू नका. पहिल्या काचेलाच त्या फाटतात.

आधीच्या आठवड्यात

१. जमीन कुणाची आहे ते तलाठ्याकडे विचारा. वनविभागाची, ई-क्लासची (म्हणजे सरकारी चराईची), नगरपालिकेची की एमआयडीसीची, यावर परवानगी कुणाकडं मागायची ते ठरतं. सावधान: राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो. काम चांगलं असलं तरी कागद हवाच.

२. अर्ज द्या. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं, आणि त्या बीटच्या वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटून एक प्रत. मजकूर एवढाच: ‘अमुक तारखेला सकाळी सात ते साडेनऊ, सहा स्वयंसेवक, प्लास्टिक, काच व सॅनिटरी कचरा उचलणार.’ तिथं कोण येतं, कशासाठी येतं, हे अर्जात लिहायचं कारण नाही. सही-शिक्क्याची प्रत त्या दिवशी खिशात असू द्या.

३. तिथं नेहमी येणाऱ्यांपर्यंत दिवस आणि वेळ पोचवा. हे काम ज्याची तिथं ओळख आहे अशा एकाच माणसानं, तोंडी करायचं. असा कुणी नसेल तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, समुपदेशकाला भेटा. समलिंगी पुरुषांमध्ये काम करणारी संस्था आणि तिचे पीअर एज्युकेटर, म्हणजे त्याच समूहातले कार्यकर्ते, यांची माहिती तिथं विचारता येते. सावधान: व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तो संदेश पुढं कुणाकडं जाईल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि अशा जागेचा पत्ता ब्लॅकमेल करणाऱ्यांना आयताच मिळतो.

४. नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकाशी बोला. कोणत्या घंटागाडीवर, किती वाजता, किती पोती देता येतील हे पक्कं करा. आधी न विचारता गेलात तर पोती रस्त्याच्या कडेला पडून राहतात आणि कुत्री ती फाडतात.

५. सुयांची बरणी कुठं द्यायची ते विचारून ठेवा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात. टोचणाऱ्या वस्तू घंटागाडीत जात नाहीत.

६. लसी तपासा. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाच-दहा वर्षांत झालेलं नसेल तर घ्या. हेपॅटायटिस बीची लस तीन डोसांची असते: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. या कामात नेहमी येणार असाल तर आजच सुरुवात करा.

७. दिवस निवडा. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर, हा काळ सगळ्यात चांगला. गवत वाळलेलं असतं, ऊन सोसतं, जमीन दिसते. फेब्रुवारीपर्यंत सागाची बरीच पानगळ झालेली असते आणि अर्धा कचरा पानांखाली जातो. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळचं ऊन तुम्हाला दोन तास टिकू देणार नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका.

८. वेळ सकाळी सातची ठेवा. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवरही अशा भागात स्वयंसेवक सकाळीच कचरा उचलत आले आहेत. उजेड असतो आणि भेटायला येणाऱ्यांची ती वेळ नसते. संध्याकाळी गेलात तर त्या माणसांना तुम्ही धाड वाटाल.

निघताना

९. अंगभर कपडे घाला. पूर्ण बाह्या, जाड पँट, घोट्याच्या वर येणारे बूट. चप्पल किंवा सँडल घालून कुणी आलं तर त्याला गाडीपाशी थांबवून नोंदीचं काम द्या. भिडेखातर आत नेऊ नका.

१०. मोज्यांचे दोन थर चढवा. आत निळा पातळ, वर जाड रबरी. सावधान: रबरी मोजा काचेला थोडाफार अडवतो, सुईला नाही. म्हणून हातात मोजा असला तरी उचलायचं चिमट्यानंच.

११. प्रत्येक फोनचं लोकेशन बंद करा. कॅमेराही खिशात. हे गाडीपाशीच सगळ्यांकडून करून घ्या. आत गेल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

१२. तीन जोड्या पाडा. एक उचलेल, दुसरा पोतं धरेल. पोतं धरणाऱ्यानं ते गळ्याशी पकडून अंगापासून लांब ठेवायचं. खांद्यावर टाकायचं नाही आणि पायानं दाबायचं नाही. आतली काच किंवा सुई पोत्यातून बाहेर येते ती अशा वेळीच.

झाडीत

१३. नेहमीच्या आवाजात बोलत आत शिरा. कुणी माणूस असेल तर त्याला निघायला वेळ मिळतो. रानडुक्कर असेल तर तेही बाजूला होतं.

१४. उचलण्याआधी प्रत्येक जागी काठी आपटा. दोनदा आपटा, मग तीन-चार श्वास थांबा. पानांखाली घोणस असू शकते. दगड उलटवायचा झाला तर काठीनं, पलीकडची कड स्वतःकडं ओढत, पलीकडं ढकलत नाही.

१५. पहिल्या जोडीनं फक्त काच उचलायची. बाटल्या एका पोत्यात, अर्धंच पोतं भरा. पूर्ण भरलेलं काचेचं पोतं दोघांनाही उचलत नाही. फुटलेले तुकडे आधी वर्तमानपत्रात गुंडाळा.

१६. दुसऱ्या जोडीनं सुका कचरा उचलायचा. पन्न्या, पाण्याचे पाऊच, डिस्पोजल ग्लास, गुटख्याच्या पुड्या. खर्ऱ्याची पन्नी जमिनीला चिकटलेली असते. चिमट्यानं ओढली की तुटते, म्हणून काठीच्या टोकानं कड सुटी करा आणि मग उचला.

१७. तिसऱ्या जोडीनं कंडोम उचलायचे. इथं जरा सावकाश. वर्तमानपत्राचा पाव ताव जमिनीवर पसरा. कंडोम चिमट्यानं कडेच्या रिंगला धरा, कारण मधे धरला तर आतलं सांडतं. तावावर ठेवा. टिश्यू आणि ल्युबच्या पुड्या त्याच तावावर. चारही बाजू आत दुमडून पुडी करा, तिसऱ्या पोत्यात टाका. एका तावात चार-पाचच घ्या. जास्त झाले की पुडी उघडते. सावधान: गाठ मारायला जाऊ नका, जाळू नका, पुरू नका. जाळलं तर वाळल्या पानांत वणवा लागतो, पुरलं तर रानडुकरं उकरून काढतात.

१८. न उघडलेली कंडोमची पाकिटंही उचला. चांगली दिसतात म्हणून झाडाच्या ढोलीत ठेवून येऊ नका. उन्हानं रबर कमजोर होतं आणि ऐनवेळी फाटतं.

१९. सुई दिसली की जागेवर थांबा आणि ‘सुई!’ म्हणून मोठ्यानं सांगा. सगळे थांबतील. बरणी जमिनीवर ठेवा, झाकण काढा. बरणी दुसऱ्याच्या हातात असताना सुई कधीही टाकू नका. सिरिंज मधोमध चिमट्यात धरा, टोक तुमच्यापासून लांब. टोक खाली करून बरणीत सोडा. टोपण पुन्हा बसवायचं नाही. झाकण घट्ट लावा. पाऊण बरणी भरली की ती बंद, नवी काढा.

२०. सुई टोचलीच तर काम तिथंच सोडा. हात साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवा. जखम दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. मग थेट वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अपघात विभाग गाठा आणि ‘सुई टोचली आहे, पीईपी हवं का ते बघा’ असं स्पष्ट सांगा. एचआयव्ही रोखणाऱ्या त्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा. घाबरू नका, पडलेल्या जुन्या सुईनं एचआयव्ही होण्याचा धोका फारच कमी असतो. पण ‘उद्या बघू’ म्हणू नका. शंका विचारायला १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे.

२१. आत कुणी माणूस दिसला तर वाट बदला. नजर रोखू नका, नाव विचारू नका, उपदेश करू नका. त्यानं स्वतःहून विचारलं तर ‘कचरा उचलतोय’ एवढं सांगा. तो मदतीला आला तर मोजे आणि चिमटा द्या. असं झालं तर फार आनंदाची गोष्ट आहे. ती जागा त्याचीच आहे आणि कुठं काय पडलेलं असतं ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

२२. पाकीट, आधार कार्ड किंवा फोन सापडला तर न उघडता वेगळ्या पिशवीत ठेवा. ग्रुपवर फोटो टाकू नका, कार्डावरच्या पत्त्यावर जाऊ नका. एका कार्डापायी एखाद्याचं घर मोडू शकतं. ती पिशवी पायरी ३ मधल्या ओळखीच्या माणसाकडं द्या. तो गुपचूप पोचवेल. फोन वाजला आणि पलीकडं घरचं कुणी असलं तर ‘फोन सापडलाय, मालकाला याच नंबरवर कॉल करायला सांगा’ इतकंच बोला. जागा सांगू नका.

२३. बाहेरच्या कुणी ‘काय चाललंय?’ विचारलं तर परवानगीची प्रत दाखवा. ‘जंगलातला कचरा उचलतोय’ हे उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे. कुणी घाणेरडं बोलू लागलं तर वाद घालू नका, पुढच्या झाडाकडं चला.

२४. झुडपं तशीच राहू द्या. फांदी छाटू नका, पायवाट रुंद करू नका. कचरा काटेरी झुडपात अडकला असेल तर चिमटा जाईल तितकाच काढा. जागा ‘मोकळी’ करायला आपण आलेलो नाही. आडोसा गेला की माणसं आणखी आत, आणखी धोक्याच्या ठिकाणी जातात.

२५. साडेनऊला थांबा. कचरा उरला असला तरी थांबा. थकलेला माणूस चिमटा सोडून हातानं उचलू लागतो.

परतल्यावर

२६. कंडोमचं पोतं सोडून बाकी पोत्यांची तोंडं सुतळीनं बांधा.

२७. कंडोमच्या पोत्यावर लाल मार्करनं मोठा ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं सॅनिटरी कचऱ्यासाठी हीच खूण रुजवली. ठिपका दिसला की उघडून वेगळं करायला कुणी हात घालत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कंडोम सॅनिटरी कचऱ्यातच धरले होते. सावधान: ठिपका एकाच बाजूला काढू नका. पोतं उलटं पडलं की तो दिसत नाही.

२८. रबरी मोज्यांसकट हात साबणानं धुवा, मग मोजे काढा. निळे मोजे मनगटाकडून उलटे सोला, ठिपक्याच्या पोत्यात टाका आणि त्या पोत्याचंही तोंड बांधा. मग उघडे हात पुन्हा धुवा. तोवर पाण्याची बाटली, खर्रा, बिस्किट कशालाही हात नको.

२९. चिमटे ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम पावडर, अर्धा तास. हे अंगणात, नवे मोजे घालून करा. ॲसिड किंवा फिनाइल त्यात मिसळू नका, विषारी वायू होऊ शकतो.

३०. पोती ठरलेल्या घंटागाडीवर हातोहात द्या. ठिपक्याचं पोतं कोणतं आणि त्यात काय आहे ते गाडीवरच्या माणसाला तोंडानं सांगा. त्याला मोजे नसतील तर तुमच्याकडचा एक जोड द्या. धुतलेल्या अख्ख्या बाटल्या कबाडीकडं, बरणी रुग्णालयात.

३१. फोटो हवाच असेल तर बांधलेल्या पोत्यांचा, घरच्या अंगणात काढा. मागे झाडी नको, चेहरे नकोत, गावाचं नाव नको. रील अजिबात नको.

३२. पुढची तारीख पांगण्याआधीच ठरवा. सहा जणांच्या डायरीत एकाच वेळी लिहा, आणि वनरक्षकालाही लगेच कळवा. दुसऱ्यांदा परवानगी मागणं सोपं जातं. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधीची तारीख धरा. येताना प्रत्येकानं एक नवा माणूस आणायचा, मात्र पायरी ११ त्याला आदल्या दिवशीच समजावून सांगायची. ज्याला ती जमणार नसेल त्याला नम्रपणे नाही म्हणा.