गाडी रोज फिरते, तरी बॅटरी का उतरते?

प्रश्न : माझी गाडी वाशीम शहरातच, घर ते बाजार समिती एवढीच फिरते. सकाळी सेल्फ जड जातो. बॅटरी बदलावी का?
– एक वाचक, वाशीम

उत्तर : आधी बॅटरी तपासून घ्या. सेल्फ मारताना बॅटरीतून खूप करंट जातो. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत, त्यातही एसी आणि हेडलाइट सुरू असतील, तर अल्टरनेटरला ती तूट भरून काढता येत नाही. बॅटरी सतत अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेट जमते आणि क्षमता घटते. विदर्भातला उन्हाळाही तिचे आयुष्य कमी करतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीला मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण, 12.4 च्या खाली असेल तर चार्जिंग हवे. इंजिन सुरू असताना साधारण 14 व्होल्ट दिसले पाहिजेत. बरेच कमी दिसले तर अल्टरनेटर किंवा बेल्ट दाखवा.

आठवड्यातून एकदा मालेगाव किंवा रिसोडपर्यंत सलग चक्कर मारा. गाडी जागेवर सुरू ठेवून फारसे चार्जिंग होत नाही. पेट्रोल मात्र जळते. टर्मिनल स्वच्छ, घट्ट ठेवा. लांब जाणे जमत नसेल, तर महिन्यातून एकदा ऑटो कट-ऑफ चार्जर रात्रभर लावा. पूर्ण चार्ज करूनही बॅटरी लोड टेस्टमध्ये नापास झाली, तरच नवी घ्या.