आधी नळी, मग जोड

अगं, आधी पाणी पी आणि निवांत बस. आयटीआयचं वीजतंत्रीचं शिक्षण झालं, अप्रेंटिसशिप लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तुला केबल जॉइंटरच्या हाताखाली धाडलं. किटमधला तो लांबलचक सूचनांचा कागद उलगडला आणि तुझ्या पोटात गोळा आला, हो ना? वाळूजला खड्ड्याच्या काठावर बसून मीही तो कागद असाच धरला होता गं. खरं सांगू का, त्या दिवशी त्यातलं एकही चित्र मला कळलं नव्हतं. आज त्याच कामावर माझं घर चालतं. म्हणून जरा हक्कानं सांगते. शेवटपर्यंत ऐक, मग ‘मला नाही जमणार’ म्हण.

खांबावर चढलेला माणूस सगळ्यांना दिसतो. जमिनीखालच्या केबलीलाही माणूस लागतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. केबल ड्रमवर ठरावीक लांबीचीच येते, त्यामुळे लांब पल्ल्यावर ती कुठंतरी जोडावीच लागते. कुठं जेसीबीचा दात लागतो, कुठं जुन्या जोडात पाणी शिरतं, मग तिथं कापून पुन्हा जोडायची. आणि केबल ट्रान्सफॉर्मरला किंवा पॅनलला भिडते तिथं तिचं टोक बांधायचं. जोड, दुरुस्ती आणि टोक, एवढाच आपल्या कामाचा संसार.

आपल्या शहराला जमिनीखालचं काम काही नवं नाही बघ. सतराव्या शतकात मलिक अंबरनं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. पाणचक्कीचं पाणीसुद्धा मातीच्या नळांतून यायचं. नळाला नळ जोडताना कुणीतरी सांधा नीट भरला, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पाणी प्याले. आज शेंद्रा-बिडकीनला ऑरिकचं जवळपास दहा हजार एकरांचं औद्योगिक शहर उभं राहतंय आणि तिथं वीज-पाण्याच्या वाहिन्या जमिनीखालूनच नेल्यात. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतही एचटी केबली आहेतच. सांधणाऱ्या हातांना या गावात काम मिळत राहील. ती काळजी तू करू नकोस.

आता त्या कागदाकडे वळू. तो एकदम वाचायचाच नसतो गं. पुरणपोळीची कृती कुणी एका दमात सांगितली तर तीही अशक्यच वाटेल. इथंही सगळा खेळ क्रमाचा आहे. कशाआधी काय आणि कशानंतर काय, एवढं हातात बसलं की झालं.

केबल बाहेरून आत सोलत जायची. अकरा केव्हीची तीन कोअरची केबल घे. वर काळं आवरण, त्याखाली लोखंडी पट्ट्यांचं किंवा तारांचं आर्मर, मग आतलं आवरण आणि त्यात तीन कोअर. प्रत्येक कोअरवर तांब्याची पातळ पट्टी, तिच्याखाली काळा सेमीकॉन, त्याखाली एक्सएलपीईचं पांढुरकं इन्सुलेशन आणि आत अ‍ॅल्युमिनियमचा कंडक्टर. त्या कंडक्टरलाही चिकटून सेमीकॉनचा एक पातळ थर असतो. कोणता थर किती मिलिमीटरवर कापायचा हे कागदात दिलेलं असतं. मनानं एक मिलिमीटरही इकडचा तिकडे करू नकोस, टेप लावून खूण कर आणि मगच सुरी लाव.

सगळ्यात जपायचं ते सेमीकॉन काढताना. ओल्या खोबऱ्याची काळपट पाठ काढतेस ना, खोबरं न खरवडता, अगदी तसाच हलका हात हवा. पांढऱ्या इन्सुलेशनवर सुरीचा ओरखडा राहिला तर त्यात हवा अडकते. त्या हवेत, बाहेरून दिसणारही नाहीत अशा बारीक ठिणग्या पडत राहतात आणि इन्सुलेशन आतून पोखरत जातं. काही महिन्यांनी जोड फुटतो. सेमीकॉनचा काठ जिथं संपतो तिथं विजेचा ताण एकवटतो, म्हणून तिथं स्ट्रेस कंट्रोलची नळी किंवा मॅस्टिक लावतात. ते काही शोभेसाठी नाही, जोडाचं आयुष्य त्याच्यावर आहे.

मग पुसणं. किटमधल्या ओल्या रुमालानं पांढऱ्याकडून काळ्याकडे पुसायचं आणि तो रुमाल परत पांढऱ्यावर आणायचा नाही. काजळ पुसलेला कपडा पुन्हा गालावरून फिरवला तर काय होतं, तुला माहीत आहे. इथं सेमीकॉनचे काळे कण पांढऱ्यावर गेले की विजेला वाट मिळते. प्रत्येक कोअरला नवा रुमाल घे. अशा वेळी काटकसर करायची नसते.

आता माझी चूक ऐक, कारण ती तू करू नयेस असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्याचे दिवस होते, खड्ड्यातलं पाणी पंपानं उपसून झालं होतं आणि ढग पुन्हा भरून आले होते. मला घाई झाली. तिन्ही कोअर सोलल्या, कनेक्टर घातले, हायड्रॉलिकनं दाबले. मागे वळून बघते तर बाहेरची मोठी नळी पिशवीतच! ती जोडाआधी केबलवर सरकवून ठेवायची असते. एकदा दोन टोकं जोडली की ती केबलवर चढवायला वाटच उरत नाही. मणी ओवायच्या आधी दोऱ्याला गाठ मारल्यासारखं झालं. तयार जोड कापावा लागला, केबलची लांबी कमी पडली, दुसरं किट आलं, आणि लोक रात्रभर अंधारात राहिले. माझे जॉइंटर काका ओरडले नाहीत. त्यांनी करवत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “काप, आणि पुन्हा पहिल्यापासून कर.” मी रडत रडत केलं, पण केलं.

त्या दिवसापासून किट उघडलं की सगळ्या वस्तू स्वच्छ कापडावर ओळीनं मांडते, किटवरची मुदत बघते, आणि नळ्या सरकवताना मोठ्यानं मोजते. सोबतचा मदतनीसही मोजतो. दोघांचा आकडा जुळला तरच कनेक्टरला हात लावायचा. ही सवय आजच लावून घे.

हीट श्रिंकच्या किटमध्ये आच लागते. पापड गॅसवर भाजताना तू तो सतत फिरवतेस, एका जागी धरला तर करपतो. टॉर्चचंही तसंच, फक्त इथं फिरते ती आच. ज्योत मऊ, पिवळसर टोकाची ठेव, निळी धारदार नको. नळी मधून आकसायला लागायची आणि दोन्ही काठांकडे जायची, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. कोल्ड श्रिंकला आच लागत नाही, आतली गुंडाळी ओढली की नळी स्वतःच बसते. म्हणून ते काम सोपं समजू नकोस, मापं आणि स्वच्छता तिथंही तीच.

कुठं जुनी, कागदी इन्सुलेशनची केबल हाती लागलीच तर एक गंमत बघशील. तिच्यातला कागदाचा तुकडा गरम तेलात सोडतात. तडतडला तर समज, आत ओल आहे, तिथं जोड करायचा नाही, अजून मागे कापत जायचं. फोडणीचा आवाज ओळखणाऱ्या कानाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता मात्र अगदी कान देऊन ऐक, इथं मी लाड करणार नाही. लाइन क्लिअरचं परमिट स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय खड्ड्यात उतरायचं नाही. एकाच चरात चार सारख्या केबली असतात. आपली कोणती हे यंत्रानं ओळखून, मग दुरून चालणाऱ्या उपकरणानं भोसकून किंवा कापून खात्री करायची, अंदाजानं सुरी लावायची नाही. बंद केलेली केबलसुद्धा आत वीज साठवून ठेवते. म्हणून आधी टेस्टिंग, मग डिस्चार्ज, मग दोन्ही टोकांना अर्थिंग. मेगर मारल्यावरही पुन्हा डिस्चार्ज करायचं. कुणी म्हणालं, “अगं, बंदच आहे, लाग कामाला,” तर खुशाल म्हण, “दाखवा.” तुला भित्री म्हणतील, म्हणू देत. घरी तुझी आई वाट बघत असते.

खड्ड्याचंही बघ. भारतीय मानकाप्रमाणे एलटी केबल साधारण पाऊण मीटर खोल, अकरा केव्हीची नव्वद सेंटिमीटर आणि तेहतीस केव्हीची एक मीटर पाच सेंटिमीटर. जोडासाठीचा खड्डा बसून काम करता येईल असा त्याहून मोठा लागतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्या कडा ढासळतात. उकरलेली माती काठावर रचू देऊ नकोस. टॉर्चचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्याच्या तळाशी साचतो. सिलिंडर वरच ठेव, आणि आत उतरण्याआधी वास घे.

तुझ्या मनातल्या बाकीच्या शंकाही मला माहीत आहेत, तू विचारायला लाजतेस एवढंच. कपडे सुती घाल. नायलॉन आचेनं वितळून अंगाला चिकटतं. ओढणी नको, केस घट्ट बांध. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, धातूचं सगळं काढून डब्यात ठेवायचं. घरचे रागावले तर त्यांना शांतपणे समजाव, की विजेजवळ धातू अंगावर नको. साइटवर गेल्या गेल्या स्वच्छतागृह कुठं आहे ते विचार, कारखाना असो की पेट्रोलपंप, आणि ते पुरुषांना विचारायला संकोचू नकोस. त्या भीतीनं पाणी कमी पिऊ नकोस गं. मी ते केलं आणि दुखणं ओढवून घेतलं. पाळीच्या दिवसांत उकिडवं बसणं जड जातं, तेव्हा मापं आणि खुणा घ्यायचं काम माग. केबल ओढायला गँग असते, रोलर असतात. तुझ्याकडून ताकदीपेक्षा स्थिर हात हवा आहे, आणि तो तुझ्याकडे आहे. मी बघितलाय.

पुढची वाटही सांगते. अप्रेंटिसशिप संपली की परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घे, मध्येच सोडू नकोस. राज्याच्या परवाना मंडळाचा तारतंत्रीचा परवाना काढ. किट बनवणाऱ्या कंपन्या जॉइंटरना प्रशिक्षण देतात. संधी मिळाली की हात वर कर, कारण प्रत्येक किटची रीत थोडी वेगळी असते. विद्युत क्षेत्र कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमांत केबल जॉइंटर हे वेगळं कामच धरलेलं आहे. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जाहिरातीवर नजर ठेव. तिथं तुझ्यासारख्या कितीतरी मुली जनमित्र, म्हणजे लाइनवरच्या कर्मचारी, म्हणून काम करतात. ठेकेदार आणि कारखाने इथं आहेतच. मुंबईला जायची तयारी असेल तर तिथं बेस्टचं जाळं बहुतेक जमिनीखालीच आहे. आणि तुझी मामेबहीण दहावीनंतर काय करू विचारत होती ना? तिला सांग, वीजतंत्रीचा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि शासकीय आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात.

एक छोटी वही कर. प्रत्येक जोडाची तारीख, किटचा क्रमांक, मेगरचं रीडिंग आणि जागा लिही. जागा लिहिताना दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर मोज, म्हणजे दहा वर्षांनी कुणी शोधत आलं तरी सापडेल. मातीखाली गेलेलं काम कुणाला दिसत नाही. वहीत मात्र ते तुझ्या नावानं राहतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो कापलेला जोडही लिहिलेला आहे, खोडलेला नाही.

रविवारी घरी ये. अकरा केव्हीच्या केबलीचा हातभर तुकडा मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. अंगणात बसून सोल, चुकलीस तरी कुणाचे दिवे जाणार नाहीत. तो कागदही घेऊन ये, आपण फक्त पहिल्या पाच पायऱ्या करू. जेवण माझ्याकडे. आणि हो, आलीस की आधी नळ्या मोजायच्या, मोठ्यानं.