मुलांना वळण लावताना



उसाला पाणी कमी पडलं की पान सांगतं. नत्र जादा झालं की ऊस माजतो, लोळतो आणि उतारा घटतो. हे आपणांस कोणी शिकवायला नको. पण घरातल्या पोराला काय कमी पडलं, काय जादा झालं, हे ते बोलून दाखवत नाही. म्हणून आई-बापांच्या हातून नकळत होणाऱ्या तीन चुकांचा येथे विचार करू.

पहिली चूक तुलनेची. "चुलत्याचा पोरगा बघ, नाहीतर तू!" हे घरोघरी ऐकू येते. पोरगं ईर्षेने अभ्यास करील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण कमीच, अशी त्याची समजूत होते आणि भावाविषयी मनात अढी बसते. पुढे बांधावरून भांडायला तेवढी अढी पुरते. यशवंतराव चव्हाण कराडला शाळेत असताना शिक्षकांनी विचारले, तुम्ही पुढे कोण होणार? इतर मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. यशवंतरावांनी स्वतःचेच नाव लिहिले. प्रत्येक पोराला असे आपल्यासारखे होऊ द्यावे.

दुसरी चूक धाकाची. एका सभासदाचा मुलगा नववीत गणितात नापास झाला. बापाने पाहुण्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. नंतरच्या चाचणीत पोरगं पास झालं, असं घरी कळलं. वर्षअखेर उमगलं, प्रगतिपुस्तकावरची सही पोरानेच ठोकली होती. बाप मला म्हणाला, "मास्तर, चुकलं कुठं?" मी म्हणालो, "गणित त्याचं कच्चं होतं. लपवायला मात्र तुम्ही शिकवलंत."

मार खाऊन मूल सुधारत नाही, सावध होते. शाळेत मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरात आपणच विचार करायचा. १९३२ साली यशवंतराव तुरुंगात असताना, माफी मागितली तर सुटका होईल असे त्यांच्या आईला, विठाईंना सुचवण्यात आले. त्या निरक्षर माऊलीने माफीला साफ नकार दिला. आई पाठीशी आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला काही लपवावे लागत नाही.

तिसरी चूक फाजील लाडाची. "आम्ही खस्ता खाल्ल्या, पोराला नकोत." मग बिल जमा झाले की गाडी येते, मोबाईल येतो, पण पाण्याची पाळी कधी आहे हे पोराला माहीत नसते. अशी मुलं पहिल्याच अडचणीला कोलमडतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राहून आपली कामं आपण करून शिकली. 'कमवा आणि शिका' हा धडा या मातीतलाच आहे. मुलीचे मात्र उलट होते. घरकाम सारे तिच्यावर, अभ्यासाला वेळ नाही. काम दोघांना सारखे वाटून द्यावे.

तेव्हा एवढे करा. रागवायचे ते एकांतात, शाबासकी चारचौघांत. रोज एक काम पोरावर सोपवा. आणि आपली चूक झाली तर त्याच्यापुढे कबूल करा.

त्या सभासदाने तसे केले. "मी मारायला नको होतं," एवढेच तो म्हणाला. पोरगं खूप रडलं, आणि दुसऱ्या दिवशी गणिताची वही घेऊन बापापुढे बसलं.