शालूची उलटी बाजू

तुला काशीच्या कँट स्टेशनवर गाडीत बसवून परत आले आणि मोरीच्या खिडकीत बघते तर तुझी चेनची पिशवी तशीच. आत सात बाटल्या. फोन केला तर तू म्हणालीस, "आत्या, टाकून दे गं, एकीचाही गुण आला नाही." टाकते कसली! चष्मा चढवला, एकेकीच्या बुडाशी छापलेली किंमत वाचली आणि दूधवाल्याच्या वहीत बेरीज मांडली. चार हजार सहाशे ऐंशी. मग जरा वेळ गप्प बसून राहिले.

इथे होतीस तेव्हा सारखी आरशासमोर उभी राहून कुरकुरत होतीस, म्हणून तोंडावर बोलले नाही. आता लिहून पाठवते. गुण आला नाही म्हणून रडतेस, ते चुकीच्या गोष्टीसाठी रडतेस. ज्या बाटलीने काहीच केलं नाही तिने फक्त पैसे खाल्ले. भीती वाटायला हवी ती आठ दिवसांत गुण दाखवणाऱ्या बाटलीची. ते मी पुढे सांगते, कारण त्या शाळेची फी मी स्वतः भरली आहे.

1981 साली सांगलीहून लग्न होऊन मी ब्रह्माघाटावर आले. सासूबाई दुर्गाघाटावर जन्मलेल्या, पक्क्या काशीकर मराठी. देवापाशी मराठी, भाजीवाल्याशी भोजपुरी आणि रागावल्या की दोन्ही. त्यांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं ते शालू बघायला. गादीवर बसलेला दुकानदार पदर असा झरकन पसरतो की दिव्याखाली डोळे दिपतात. सासूबाई पदराकडे बघायच्याच नाहीत. साडी उलटी करायच्या आणि काठाला बोट लावायच्या. हातमागावर कापड ताणून धरायला कडेला टाचण्या लावतात, त्यांची बारीक भोकं काठाशी राहतात. शिवाय कढुआ विणकामात एकेक बुट्टी वेगळी भरलेली असते, त्यामुळे मागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत लोंबते धागे नसतात. दुकानदार सुलट बाजूबद्दल बोलत राहतो, सासूबाई उलटीवरून हात फिरवत राहतात, आणि भाव आपोआप खाली येतो.

बाटलीलाही उलटी बाजू असते. तुझ्यातल्या एकीच्या तोंडावर केशराची फुलं काढलेली आहेत, सोनेरी अक्षरं, सगळा थाट. पाठ वाचली. घटक वजनाच्या क्रमाने लिहायचे असतात, जास्त असेल ते आधी. पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग मेणासारखं काहीतरी, मग टिकवायची द्रव्यं, मग सुगंध, आणि सुगंधाच्याही मागे केशर. म्हणजे बाटलीला केशर दाखवलंय, घातलं म्हणायला जीव धजत नाही. हां, हा नियम सरसकट लावू नकोस. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मागेपुढे लिहिले तरी चालतात, आणि रेटिनॉलसारखी काही औषधी द्रव्यं चिमूटभरच लागतात. पण ज्या गोष्टीचं चित्र पुढे अर्धी बाटली व्यापतं, ती मागे शेवटच्या ओळीत असेल, तर आपण चित्राचे पैसे दिले.

आता तू म्हणशील, आत्या, तुमच्या वेळचं घरचंच बरं होतं. थांब. घरच्याचाही गाजावाजा कमी नसतो.

इथे बुकवा म्हणतात, तुला त्या दिवशी शेजारच्या भाभींनी हाताला लावला तो. मोहरी मंद आचेवर भाजायची, पाट्यावर पाण्याचा हबका मारत वाटायची, हळद घालायची, अंगाला तेल चोळून वर हा लेप रगडायचा. वाळत आला की हाताखाली काळसर सुरळ्या सुटतात. तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला, नवऱ्या मुलीला, सगळ्यांना हेच. आपल्या दिवाळीच्या उटण्याचा हा थोरला, तिखट भाऊ. त्या सुरळ्या बघून बायका म्हणतात, "देखो, रंग निकल आया." रंग कुठला निघतो! वरची मेलेली कातडी निघते आणि तेलाने खालची मऊ दिसते. तेवढंच काम आहे त्याचं, आणि तेवढं ते झकास करतं. सासूबाई नवरीच्या हातापायांना बुकवा रगडायच्या, पण चेहऱ्यावर एकही पुटकुळी असली तर तोंडाला हात लावू द्यायच्या नाहीत. पिकलेल्या पुटकुळीवर मोहरी घासली की काय होतं ते त्यांनी कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं.

लिंबाचंही तेच. लिंबू चोळून उन्हात गेलीस तर कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. मुलतानी मातीने तेलकट कातडीला बरं वाटतं, कोरडीला ती तडकवते. खोबरेल हातापायांना लाव, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला नको. आणि विश्वनाथ गल्लीत चंदनाची पूड म्हणून जे विकतात त्याचा वास घेताना आठव: खऱ्या चंदनाची किंमत काय आणि पुडीची काय. आमच्या देवघरातली सहाण तू पाहिलीस. त्यावर खोड उगाळलं तर दहा मिनिटांत अर्धा चमचा गंध निघतं. दहा रुपयांत ओंजळभर कसं मिळेल?

आता माझी गोष्ट.

तुझा मोठा आतेभाऊ झाला त्यानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. गरोदरपणात येतात पुष्कळजणींना, काहींचे आपोआप फिके होतात. माझे नाही झाले. गच्चीवर पापड, वड्या, गव्हाची वाळवणं, दिवसभर ऊन तोंडावर, ते कसले फिके होतात! एका ओळखीच्या बाईने एक पांढरी ट्यूब दिली. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची. लावली. आठव्या दिवशी सासूबाईंनी मला उजेडात उभं करून हनुवटी धरून बघितलं आणि विचारलं, "काय लावतेस?" मला वाटलं कौतुक करताहेत. त्या म्हणाल्या, "एवढ्या लवकर तर कपड्याचाही डाग जात नाही."

ऐकलं नाही मी. चार महिने लावली. गाल असे तुकतुकीत की गल्लीतल्या बायका विचारायच्या. मग एक दिवस ट्यूब संपली, दुकान बंद होतं, आणि तिसऱ्या दिवशी तोंडाची आग सुरू झाली. स्टोव्हपुढे उभं राहवेना. गालावर लाल जाळं दिसायला लागलं, हनुवटीला लव आली, आणि सोळाव्या वर्षी आल्या नव्हत्या एवढ्या पुटकुळ्या. लंकेवर गेले, हिंदू विद्यापीठाच्या दवाखान्यात. (काशीत लंका म्हणजे विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोरचा चौक, रावणाशी संबंध रामलीलेपुरता.) तिथल्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, हे स्टेरॉइड आहे. सूज दाबतं, कातडी पातळ करतं, तात्पुरती उजळ दाखवतं. थांबवलं की सगळं उलटून येतं, म्हणून बायका पुन्हा लावतात, आणि सुटका होत नाही. पूर्ण बरं व्हायला वर्षाच्या वर गेलं. वांग शेवटी होते तिथेच राहिले.

तीन नावं वहीत लिहून ठेव: बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. ती वाईट औषधं नाहीत, डॉक्टरने ठरावीक दिवसांसाठी दिली तर ती गुणाचीच असतात. पण तोंड उजळायला म्हणून ही कुणी हातात ठेवली तर परत कर. 2018 साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गल्लीतल्या दुकानात अजूनही ती मागितली की मिळतात, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

त्याहून वाईट म्हणजे पारा. अकोल्यातल्या तीन बायकांची बातमी 2023 साली आली होती, आई आणि दोन मुली. घराजवळून घेतलेलं गोरं होण्याचं क्रीम तिघी लावत होत्या, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये शोध घेता घेता क्रीमपर्यंत पोचले, तर त्यात पारा. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही अशाच रुग्णांच्या बातम्या आल्या. पारा कातडीचा रंग तयारच होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. आणि तो कातडीतून रक्तात जातो. आपल्याकडे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागावर चालत नाही. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटकांची यादी नाही, ती कितीही गुणकारी म्हणून कुणी दिली तरी घरात आणू नकोस. पार्लरमधल्या ताईंनी बिनलेबलच्या डबीत भरून दिलेलं तर नाहीच नाही. त्या बिचाऱ्यांनाही आत काय आहे ठाऊक नसतं.

खरा गुण धीम्या पावलांनी येतो, कारण कातडी बदलायलाच महिना लागतो. वय वाढेल तसा आणखी जास्त. म्हणून एका वेळी एकच नवीन वस्तू सुरू करायची, आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघायची, आणि मग दीड-दोन महिने तिला वेळ द्यायचा. तू सात बाटल्या एका आठवड्यात सुरू केल्यास. आता कुणी पुटकुळ्या आणल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि माघात तुझं लग्न आहे ना? मग पौषापासून तोंडाला नवीन काहीही नको. आदल्या आठवड्यात ब्लीच करणारी एक नवरी मी पाहिली आहे, अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाने दोनदा बघितलं.

कोलॅजनचं क्रीम आहे तुझ्या पिशवीत, सगळ्यांत महाग. कोलॅजनचा कण एवढा मोठा असतो की तो कातडीतून आत शिरत नाही, वर बसून राहतो आणि ओल धरून ठेवतो. ओल धरायला साधं व्हॅसलिनही चालतं. 1872 सालापासून ते तेच काम करतंय, एकदाही न मिरवता. थंडीत इथे धुकं असतं तरी कातडी फुटते, तेव्हा आम्ही सगळे अंघोळीनंतर अंग अर्धवट ओलं असतानाच लावतो. कोरड्या अंगावर लावशील तर निम्मं काम वाया.

पैसा घालायचाच असेल तर उन्हाच्या क्रीमवर घाल. वांग, डाग, सुरकुत्या, या तिन्हींवर त्याचा खरा उपयोग आहे, आणि तेच तुझ्या सात बाटल्यांत नव्हतं! एसपीएफ 30 घे, पुष्कळ झालं. ते सत्त्याण्णव टक्के जाळणारे किरण अडवतं, 50 अठ्ठ्याण्णव; त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे देऊ नकोस. पण लावायचं भरपूर: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून तीस म्हणवून घेता येत नाही. नावेत बसशील तेव्हा दोनदा लाव, गंगेचं पाणी खालूनही ऊन मारतं.

गोरं होण्याच्या क्रीमचं तुला सांगायचं तर, फेअर अँड लव्हली बाजारात आलं 1975 साली, मी शाळेत होते. 2020 साली त्याच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. आता सगळीकडे 'ग्लो' आहे. गोरी म्हणायचं नाही, उजळ म्हणायचं. शब्द बदलला, मुलीच्या मनातली टोचणी तीच. आपल्या घरात सगळेच सावळे, तुझे बाबाही. लहानपणी तुझ्या बाबांना कुणी काळा म्हटलं तर आमची आई म्हणायची, पंढरपूरला जाऊन बघा. तेवढंच उत्तर.

आणि पावत्या जपत जा. दिल्लीत एकाने 2013 साली 79 रुपयांना पुरुषांसाठीचं गोरेपणाचं क्रीम घेतलं, सांगितलं तसं लावलं, फरक पडला नाही, म्हणून ग्राहक मंचात गेला. 2024 च्या डिसेंबरात जिल्हा आयोगाने कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड केला. अकरा वर्षं लागली, पण एवढ्या वर्षांत त्याने 79 रुपयांचा हिशेब सोडला नाही. तुझे तर चार हजार सहाशे ऐंशी आहेत. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, फुकट लागतो. बाटलीवर 'सात दिवसांत' असं लिहिलेलं दिसलं तर फोटो काढून ठेव.

तुझ्या सातांतल्या दोन ठेवल्या आहेत, एक साधं मॉइश्चरायझर आणि एक तोंड धुवायचं. दोघींवर कसलंही वचन नाही. बाकीच्या पाचांपैकी दोन मुदत संपलेल्या निघाल्या, त्या गेल्या. कोलॅजनवालं मी पायाच्या भेगांना लावते आहे, चांगलं आहे. शालू घ्यायला दिवाळीनंतर ये, आणि येताना बाकीच्यांच्या पावत्या सापडल्या तर घेऊन ये.